भातखाचरांवर नवे उपनगर: हिरवी जागा किती, कुठे आणि कोणाच्या जमिनीवर?

गाढीकाठ

पनवेल तालुक्यातील जी गावे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘नैना’मध्ये येतात, त्यांपैकी एका गावात मी राहतो. जानेवारी २०१३ मध्ये राज्य शासनाने या क्षेत्रासाठी सिडकोला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाला, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले आणि आता एकेक नगररचना योजना (सर्वांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा वजा करून उरलेली जमीन मालकांना पुन्हा वाटणारी योजना) आखून शेतजमिनीचे उपनगर घडवले जात आहे. मोबदला, विरोध आणि मोर्चे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने या उपनगरात हिरवी आणि मोकळी जागा किती असेल व ती नेमकी कुठे असेल, यावर फार कमी बोलले जाते. हा धागा तेवढ्याच प्रश्नासाठी काढत आहे.

आधी एक हिशेब मांडतो. शंभर हेक्टरची योजना धरू. जमीनमालकांना मूळ क्षेत्राच्या ४० टक्के, म्हणजे ४० हेक्टर अंतिम भूखंड परत मिळतात आणि त्यांवर २.५ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकामाची मुभा दिली जाते. त्यातून दहा लाख चौरस मीटर बांधकाम उभे राहू शकते. त्यातील आठ लाख चौरस मीटर निवासी असेल आणि माणशी ३० चौरस मीटर बांधकाम लागेल, असे मी गृहीत धरले, तर लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपास जाते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नागरी नियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. म्हणजे या वस्तीला किमान २७ हेक्टर उद्याने, मैदाने आणि मोकळ्या जागा लागतील. उरलेल्या ६० हेक्टरांतून रस्ते काढायचे आहेत, शाळा, दवाखाने आणि दुर्बल घटकांची घरे बसवायची आहेत, शिवाय खर्च भागवण्यासाठी प्राधिकरणाला विकायचे भूखंडही त्यातच आहेत. हिरव्या जागेसाठी त्यातून दहा हेक्टर काढले, तरी माणशी पावणेचार चौरस मीटरदेखील भरत नाहीत, आणि दुर्बल घटकांच्या घरांत व विक्रीच्या भूखंडांवर येणारी माणसे मी अजून मोजलेलीच नाहीत.

जमीनमालकाची ६० टक्के जमीन जाते म्हणून त्याला जास्त निर्देशांक द्यावा लागतो, निर्देशांक जास्त म्हणून माणसे वाढतात आणि माणसे वाढली की माणशी हिरवी जागा घटते. या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग कोणाला दिसतो का? केवळ ‘झाडे लावा’ असे सांगणारे प्रतिसाद कृपया नकोत.

सातबारा

हिरवी जागा हवी, याला कोणाचाच विरोध नसतो. ती कोणाच्या सातबाऱ्यातून काढायची, येथे गाडी अडते. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईची आखणी झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकऱ्यांचा गोळीबारात जीव गेला आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यामुळे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले. ज्या घरांनी हे पाहिले आहे, त्या घरांतील माणूस नकाशावरचा हिरवा रंग पाहून आनंदित होत नाही. त्या रंगाखाली आपला गट क्रमांक आहे का, एवढेच तो आधी पाहतो.

विकास आराखड्यातील आरक्षणाचा अनुभव तर सरळसरळ अन्यायाचा आहे. शेजाऱ्याच्या जमिनीवर निवासी शिक्का बसला की तो कोट्यधीश होतो आणि माझ्यावर उद्यानाचे आरक्षण पडले की मी पुढची कित्येक वर्षे ना विकू शकतो ना बांधू शकतो. प्राधिकरण दहा वर्षांत जमीन घेत नसेल, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली सूचना द्यायची आणि पुन्हा वाट पाहायची. शहराला फुफ्फुसे हवी असतील, तर त्यांची किंमत शहराने मोजावी. ज्याने आजवर जमीन विकली नाही, भराव टाकला नाही आणि बंगल्यांचे प्लॉट पाडले नाहीत, त्याचीच जमीन अजून हिरवी आहे म्हणून आरक्षणही त्याच्यावरच टाकायचे, हा चांगुलपणाला दिलेला दंड आहे.

मधला_मजला

मी येथे जमीनमालक नाही. मी सदनिका घेऊन राहायला आलेला माणूस आहे, आणि अशा चर्चांत आमची बाजू सहसा कोणी मांडत नाही. जाहिरातीत दाखवलेली हिरवळ प्रत्यक्षात वाहनतळाच्या छतावर अंथरलेली निघते. त्या मातीत गवत आणि कुंडीतली झाडे येतात, पण वड किंवा जांभूळ तेथे कधीच उभा राहणार नाही. इमारतीच्या आवारातील मोकळ्या जागेचा आकडा सार्वजनिक उद्यानाच्या आकड्यात मिळवू नये, एवढी माझी विनंती आहे. ती जागा आमच्या फाटकाच्या आत आहे. बाजूच्या गावठाणातील मुलांना तेथे कोणीही येऊ देत नाही.

नकाशेकरी

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम केलेले आहे, त्यामुळे थोडे तपशिलात लिहितो.

सातबारा यांनी सांगितलेला अन्याय आरक्षणाच्या पद्धतीत खरोखर आहे, आणि नगररचना योजना ही मुळात त्यावरचाच उपाय आहे. ही पद्धत नवी नाही. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून ती चालत आली आहे. आरक्षणात एकाची जमीन पूर्ण जाते आणि दुसऱ्याची पूर्ण वाचते. योजनेत सर्व मूळ भूखंड एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा वजा करून, प्रत्येकाला ठरावीक प्रमाणात अंतिम भूखंड दिला जातो. त्यामुळे ज्याच्या शेतातून ओढा जातो तो एकटा बुडत नाही. ओढ्याचा भार शंभर जणांवर सारखा वाटला जातो. हिरव्या जागेसाठी याहून न्याय्य साधन आपल्या कायद्यात मला तरी दिसत नाही. ४० टक्के पुरेसे आहेत का, हा वेगळा वाद आहे आणि तो व्हायलाच हवा.

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. गुजरातचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, कारण अहमदाबादचा बराचसा विस्तार अशा योजनांतूनच झाला. तेथील १९७६ च्या कायद्यात जमिनीचे वाटप कसे असावे याची तरतूद आहे: रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने, मैदाने व मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, सामाजिक सुविधांसाठी ५ टक्के आणि प्राधिकरणाने विकण्यासाठी १५ टक्के. विक्रीच्या भूखंडांचा वाटा उद्यानांच्या तिप्पट आहे, याकडे लक्ष द्यावे. योजना स्वतःच्या पायावर उभी राहायची असेल, तर खर्च जमिनीतूनच निघतो, आणि उद्यानातून तर पैसा येत नाही. म्हणून प्रत्येक योजनेत उद्यानाचा भूखंड सर्वांत शेवटी बसवला जातो. रस्त्यांची चौकट पडली, अंतिम भूखंडांचे चौकोन बसले, विक्रीचे भूखंड मोठ्या रस्त्याला लागले, की जे त्रिकोणी, तिरके, उच्चदाब वीजवाहिनीखालचे तुकडे उरतात, त्यांना हिरवा रंग दिला जातो. टक्केवारी कागदावर पूर्ण भरते. त्यामुळे ‘किती’ या प्रश्नावर आपण थोडेफारच मिळवू शकू, पण ‘कुठे’ या प्रश्नावर अजून बरेच काही हातात आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आपल्या अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये नगररचना योजनेत काय काय करता येते याची यादी आहे, आणि सखल, दलदलीच्या वा आरोग्याला अपायकारक जमिनी भरून घेणे व जमीन सपाट करणे हे त्यात स्पष्टपणे नमूद आहे. हिवतापाच्या काळात त्याला अर्थ होता. आज पाणथळ जागा वाचवण्यासाठी वेगळे नियम आहेत आणि मूळ कायद्यात मात्र ती भरून काढण्याची मुभा तशीच उभी आहे.

खाचर

नकाशेकरी यांनी भरावाचा विषय काढला हे बरे झाले. मी जलनिःसारणाचा अभियंता आहे आणि माझ्या मते या धाग्यातील खरा प्रश्न हाच आहे.

पनवेल परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. शंभर हेक्टरांवर एक लाख घनमीटर. आज हे पाणी कुठे थांबते? भाताच्या खाचरांत. खाचराला बांध असतो आणि त्यात वीतभर पाणी सहज उभे राहते. सरासरी दहा सेंटिमीटर पाणी धरले, तरी शंभर हेक्टर खाचरे एक लाख घनमीटर पाणी अडवून धरतात आणि बांध फोडून हळूहळू खालच्या शेतात सोडतात. शेतकरी हे पिकासाठी करतो, पण त्याचा लाभ खालच्या पनवेल शहराला होतो, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला कोणी एक पैसाही दिलेला नाही.

उपनगर येते तेव्हा सर्वप्रथम ट्रक येतात. जमिनीवर मीटर, दीड मीटर भराव पडतो, कारण नव्या रस्त्याची पातळी पुराच्या वर ठेवायची असते. खाचरांनी धरलेले पाणी आता धरले जात नाही. शिवाय भरावामुळे ते जुन्या गावठाणाकडे वळते, कारण गावठाण आता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेलेले असते. पूर्वी ज्या ओटीला पाण्याने कधी स्पर्श केला नव्हता, तेथे पावसाळ्यात पंप लावावा लागतो. नवी वस्ती कोरडी राहते, जुनी बुडते, आणि त्याला मग नैसर्गिक आपत्ती म्हटले जाते.

आता मोकळ्या जागेचा विचार याच हिशेबाने करून पाहा. शंभर हेक्टरांच्या योजनेत दोन हेक्टरांचा, दोन मीटर वापरण्यायोग्य खोलीचा एक धारण तलाव (पावसाचे पाणी तात्पुरते थांबवणारा) ठेवला, तर त्यात चाळीस हजार घनमीटर पाणी मावते. म्हणजे सर्व पाणी वाहून आले, तर सुमारे ४० मिलिमीटर पाऊस. तेवढ्याने भागणार नाही. पण मैदान आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवले, ओढ्याच्या दोन्ही काठांना बांधकामाविना पट्टा सोडला आणि गावाचे जुने तळे बुजवण्याऐवजी खोल केले, तर बेरीज जमू लागते. तीच जागा आठ महिने खेळायला आणि फिरायला मिळते आणि पावसाळ्यातील काही तास पाण्याला मिळते. हिरव्या जागेला असे दुसरे काम दिले, तर तिचा खर्च जलनिःसारणाच्या खात्यातून मागता येतो. उद्यानाच्या खात्यात तर कधीच पैसे नसतात.

नवी मुंबईची रचना करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. वाशी, बेलापूरकडील बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. तेथे धारण तलाव आणि झडपांची दारे केली गेली, जेणेकरून भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी तलावात थांबेल आणि ओहोटीला खाडीत जाईल. आपल्या खारबंदिस्तीची (खाडीचे खारे पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या बांधांची) उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, याच तत्त्वावर चालते. पुढे या तलावांत गाळ साचला आणि त्या गाळात कांदळवन उगवले. मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ पासूनचे आदेश आणि २०१८ चा निकाल यांमुळे कांदळवनाला संरक्षण आहे, त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीविना गाळ काढणेही कठीण झाले. कांदळवनाचे संरक्षण योग्यच आहे. पण देखभाल वेळच्या वेळी झाली असती, तर हा पेच उभाच राहिला नसता. जी व्यवस्था दरवर्षी गाळ काढण्यावर अवलंबून आहे, तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून स्वतंत्र निधी हवा.

गाढीकाठ

खाचर, तुमच्या प्रतिसादाने माझ्या हिशेबाला वेगळीच दिशा दिली. जुन्या पनवेलकरांना वडाळे, विश्राळे, कृष्णाळे आणि देवाळे ही तळी ठाऊक असतील. एका लहान गावाला इतकी तळी लागली, ती हौसेसाठी नक्कीच नव्हे. आमच्या गावातही एक तळे आहे, वरच्या अंगाला गुरचरण आहे आणि गाढी नदीला मिळणारा एक वहाळ (ओढा) आहे. या तिन्ही गोष्टी जोडल्या, तर डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत एक सलग पट्टा होतो. माथेरानच्या बाजूची काही गावे तर २००३ मध्ये घोषित झालेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राला लागून आहेत. वरचे जंगल आणि खालची नदी यांच्या मधला दुवा नेमका या योजनांतच जोडला किंवा तोडला जाणार आहे.

सातबारा यांना विचारतो: वहाळाचा भार सर्वांवर सारखा वाटला जात असेल आणि गुरचरण मुळात सार्वजनिकच असेल, तर अशा पट्ट्याला तुमचा विरोध राहील का?

सातबारा

तत्त्वतः विरोध नाही. मात्र दोन गोष्टी लिहून ठेवतो. पहिली, गुरचरण ‘रिकामे’ नसते. वरच्या वाड्यांतील ठाकूर आणि कातकरी कुटुंबे तेथून रानभाज्या, करवंदे आणि सरपण आणतात, गुरेही तेथेच चरतात. तेथे कुंपण घालून, तिकीट लावून ‘निसर्ग उद्यान’ केले, तर हिरवी जागा वाचली असे शहरातील माणूस म्हणेल आणि वाडीतील बाई तेथून हाकलली जाईल. दुसरी, वहाळाची हद्द आज ठरवताना भरावानंतरची धरू नये. वहाळाचे पात्र आधीच कित्येक ठिकाणी भराव टाकून दाबलेले आहे. ज्याने ते दाबले त्याचा भूखंड पूर्ण क्षेत्रफळाने मोजायचा आणि ज्याने सोडून दिले त्याचा कमी, असे झाले तर गावात भांडणे लागतील. जुन्या मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात असतात. हद्द त्यांवरूनच धरावी.

हडपसरकर

पुण्याकडील दोन उदाहरणे येथे ठेवावीशी वाटतात, कारण ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

हडपसरजवळ मगरपट्टा येथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या चारशेहून अधिक एकर जमिनी एकत्र करून स्वतःच विकास कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. सलग जमीन एका हाती असल्यामुळे मोठे मध्यवर्ती उद्यान ठेवता आले, रस्त्यांच्या कडेला झाडांना जागा सोडता आली, आणि उद्यानामुळे घरांची किंमत वाढली तेव्हा तो लाभही जमीनमालकांनाच मिळाला. हिरव्या जागेतून मालकाला तोटाच होतो, हे तेथे खरे ठरले नाही.

दुसरे उदाहरण जैवविविधता उद्यानाचे. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचे हे आरक्षण २०१५ मध्ये शासनाने मान्य केले आणि मोबदला म्हणून ८ टक्के हरित विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला. ज्याची जमीन टेकडीवर आहे त्याला आठ टक्के आणि पायथ्याशी असलेल्याला पूर्ण निर्देशांक! साहजिकच फार थोड्या मालकांनी जमीन दिली. कोणी न्यायालयात गेले, कोणी गुंठा-गुंठा करून विकली, आणि उतारांवर पत्र्याच्या शेड व घरे उभी राहत गेली. टेकड्या वाचाव्यात म्हणून पुणेकरांनी मोठी चळवळ केली आणि तिच्याबद्दल मला आदर आहे, परंतु मोबदल्याचे गणित न सुटलेले आरक्षण हे टेकडीचे संरक्षण करत नाही, असेच मी म्हणेन.

मधला_मजला

मगरपट्ट्याचे उद्यान छान आहे, पण ते मुख्यतः तेथील रहिवाशांचेच आहे. नैनामध्ये तसे झाले, तर प्रत्येक संकुल आपापला बगीचा सजवेल आणि गावठाण, वाड्या व दुर्बल घटकांच्या इमारती यांच्या वाट्याला रस्त्याचा दुभाजक येईल. याउलट मुंबईत १९२५ मध्ये खुले झालेले शिवाजी पार्क पाहा. भोवतालच्या घरांना त्याचा फायदा झालाच, पण मैदानाला मालक नाही. कोणीही उठून जावे, क्रिकेट खेळावे, कट्ट्यावर बसावे. ते काही हिरवेगार नाही, उन्हाळ्यात तेथे लाल माती उडते आणि रहिवासी त्याबद्दल तक्रारही करतात. तरीही शहराला त्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कारंजी आणि सेल्फीच्या पाट्या असलेल्या शंभर उद्यानांचा होणार नाही. ‘हिरवी जागा’ म्हणताना मैदान विसरले जाऊ नये. उद्यानात मुलांना चेंडू खेळू देत नाहीत.

दूरदेशी

मी सध्या सिंगापूरमध्ये राहतो. तेथे बिशान-आंग मो किओ उद्यानातून कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा जात असे. तो फोडून ३.२ किलोमीटरचे वळणावळणाचे नैसर्गिक पात्र केले गेले आणि २०१२ मध्ये सुमारे ६२ हेक्टरांचे उद्यान त्याच्याशी एकरूप होऊन खुले झाले. पाऊस वाढला की काठावरची हिरवळ पाण्याखाली जाते, सूचनेचे भोंगे वाजतात, लोक वर येतात, आणि काही वेळाने पाणी उतरते. खाचर यांनी सांगितलेले खोलगट मैदान हेच आहे. फरक इतकाच, की सिंगापूरने आधी काँक्रीट केले आणि मग पैसे खर्च करून ते फोडले. तुमच्या वहाळाला अजून काँक्रीट लागलेले नाही.

खाचर

दूरदेशी, एक भर घालतो. आपल्या वहाळात सांडपाणी सोडले गेले, तर खोलगट मैदान हे गटाराचे डबके होईल. सिंगापूरमध्ये सांडपाण्याची वाहिनी आणि पावसाची वाहिनी पूर्णपणे वेगळ्या आहेत. येथे मात्र इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळते तेव्हा मलनिःसारण वाहिनी अनेकदा रस्त्यापर्यंतही आलेली नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी मलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र, मग इमारत. त्या केंद्राचे पाणी पुढे उद्यानालाही देता येईल. हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते, म्हणजे एक हेक्टर हिरवळ उन्हाळ्यात दररोज चाळीस-पन्नास हजार लिटर पिते. ज्या भागात लोकच टँकरवर आहेत, तेथे हा पाण्याचा खर्च कोणी समर्थनीय ठरवू शकणार नाही.

ऐनकिंजळ

झाडांवर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. धागाकर्त्यांनी ‘झाडे लावा’ नको म्हटले आहे. मी झाडे ठेवण्याबद्दल आणि त्यांच्या मुळांबद्दल लिहीत आहे.

योजनेच्या नकाशात आज उभी असलेली झाडे दाखवलेली नसतात. बांधावरचे आंबे, जांभळे, वहाळाकाठचे करंज आणि उंबर, देवळामागची राई, हे सर्व कोऱ्या कागदावर नसते आणि म्हणून रस्ता त्यांच्या अंगावरून जातो. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. पण हे संरक्षण झाड तोडायची परवानगी मागताना आठवते, आणि तोवर रस्त्याची रेषा पक्की झालेली असते. योजनेचे प्रारूप (मसुदा) करण्यापूर्वीच मोठ्या झाडांची मोजणी करून ती मूळ नकाशावर टिपली, तर रस्ता पाच मीटर सरकवणे कागदावर फुकट असते.

नव्या रस्त्यांवर झाड लावताना पदपथाखालून वीज, पाणी, दूरसंचार आणि पावसाळी गटार जाते आणि झाडाला फूटभर खड्डा मिळतो. वरून पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत बसवले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात झाडाभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्यास सांगितले होते, तेवढेही पाळले जात नाही. पदपथ आणि रस्ता यांच्या मध्ये दोन मीटरचा सलग मातीचा पट्टा रस्त्याच्या छेदचित्रातच दाखवावा आणि सर्व वाहिन्या त्याच्या बाहेर ठेवाव्यात. तेथे ताम्हण, करंज, बकुळ येतील. वहाळाच्या काठी अर्जुन आणि जांभूळ. गुरचरणावर ऐन, किंजळ, पांगारा. एकाच जातीच्या रांगा लावू नयेत. मुंबईत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्ष कसे एकामागून एक वाळले, ते आपण पाहिले आहे.

आणि कृपया खजुराची झाडे नकोत. मोठ्या रकमा खर्च करून प्रवेशद्वारांवर जी उभी केली जातात, त्यांची सावली माणसाच्या डोक्याएवढीही पडत नाही.

नकाशेकरी

चर्चा आता उपयोगी टप्प्यावर आली आहे, म्हणून कार्यपद्धतीबद्दल सांगतो. १९७४ च्या नगररचना योजना नियमांनुसार प्रारूप करताना जमीनमालकांची सभा घेऊन त्यांना तात्पुरती मांडणी दाखवली जाते. त्यानंतर प्रारूप प्रसिद्ध होते आणि कलम ६७ प्रमाणे तीस दिवसांत हरकती व सूचना देता येतात. शासनाने प्रारूप मंजूर केले की लवाद (प्रत्येकाचा अंतिम भूखंड व हिशेब ठरवणारा अधिकारी) नेमला जातो आणि पुढची सुनावणी प्रामुख्याने ज्याच्या-त्याच्या भूखंडाची असते. हिरव्या जागेच्या स्थानाबद्दल बोलायचे असेल, तर सभेत आणि त्या तीस दिवसांतच बोलावे. लवादापुढे वहाळाचा विषय काढला, तर फार उशीर झालेला असतो.

‘पर्यावरणाचा विचार व्हावा’ अशी हरकत लिहिली, तर ‘नोंद घेतली’ एवढेच उत्तर मिळते. हरकत गट क्रमांकासह, मापासह आणि नकाशासह द्यावी. उदाहरणार्थ: अमुक गटांतून जाणाऱ्या वहाळाची हद्द जुन्या मोजणी नकाशाप्रमाणे धरावी, त्याच्या दोन्ही काठांना मोकळा पट्टा ठेवावा आणि योजनेतील उद्यान व मैदान यांचे भूखंड अन्यत्र विखुरण्याऐवजी याच पट्ट्याला जोडावेत. उद्यानाच्या क्षेत्रात वाढ न मागता केवळ जागा बदलून मागितली, तर जमीनमालकांचा अंतिम भूखंड एक चौरस मीटरनेही कमी होत नाही. सातबारा आणि गाढीकाठ यांनी एकाच कागदावर सही करावी, असा हा एक मुद्दा मला दिसतो. दुसरा मुद्दा पातळीचा. योजनेसोबत भरावापूर्वीचा समपातळी नकाशा आणि भरावानंतरची प्रस्तावित पातळी दोन्ही प्रसिद्ध करण्याची मागणी करावी, म्हणजे गावठाण किती खाली जाणार हे सर्वांना आधीच दिसेल.

सातबारा

सहीला माझी तयारी आहे, दोन दुरुस्त्यांसह. गुरचरणाच्या भागात वाड्यांचा वापर चालू राहील आणि कुंपण घातले जाणार नाही, हे त्यात लिहावे. आणि पट्ट्याला लागून येणारे अंतिम भूखंड मोठ्या विकासकांना विकण्यासाठी प्राधिकरणाकडे न ठेवता, ज्यांच्या मूळ जमिनी वहाळाकाठी होत्या त्यांनाच द्यावेत. उद्यानासमोरच्या भूखंडाला भाव जास्त येणार आहे. तो भाव पिढ्यान्‌पिढ्या पुराचे पाणी सोसणाऱ्यांना मिळावा.

नकाशेकरी

दुसरी दुरुस्ती नियमांत बसते. अंतिम भूखंड शक्यतो मूळ भूखंडाच्या जागी किंवा त्याच्या जवळ द्यावा, हे योजनेचे सर्वमान्य तत्त्व आहे. त्याला प्राधिकरणाचा विरोध होईल, कारण विक्रीचे चांगले भूखंड त्यांनाही त्याच ठिकाणी हवे असतील, आणि मूल्य वाढले की कायद्याप्रमाणे वाढीव मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान (मालकाने योजनेच्या खर्चासाठी द्यायची रक्कम) लागू शकते, हेही वहाळाकाठच्या मालकांना आधी समजावून सांगावे लागेल. तरीही ही मागणी करावी. पहिल्या दुरुस्तीसाठी ग्रामसभेचा ठराव जोडलात, तर तिला वजन येईल.

गाढीकाठ

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यासाठी सरपंचांना पत्र देत आहे. मोजणी नकाशाच्या प्रतीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करतो. मोठ्या झाडांच्या नोंदीसाठी ऐनकिंजळ यांनी एक साधा तक्ता येथे दिला, तर गावातील महाविद्यालयीन मुले पावसाळ्यापूर्वी ते काम करतील. खाचर, वहाळाच्या पट्ट्याची रुंदी किती मागावी, हे तुम्ही पाणलोटाच्या क्षेत्रावरून सांगू शकाल का? वरचे क्षेत्र नकाशावर मोजून मी उद्या टाकतो.